सर्किट डायग्राम तरी द्या!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या हाय-एंड ऑडिओवरचा, म्हणजे गाणी ऐकायच्या महागड्या मशीनींवरचा लेख वाचला. फोटो झकास. पण मॉडेल बंद झालं तरी चिंता नको, चांगलं मशीन पिढ्यानपिढ्या चालतं, हे वाचलं आणि डोकंच फिरलं. लेखकमहाशयांनी कधी असं मशीन दुरुस्तीला टाकलंय का हो?

मी टाकलंय. २००६ साली पीएफमधनं पैसे काढून एक परदेशी सीडी प्लेअर घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच तुम्हाला नोटीस यायची. नव्या मोटरसायकलीपेक्षा महाग, त्यावरनं हिने आठ दिवस अबोला धरला होता. २०१९ च्या महापुरात फ्रीज, कपाट सगळं खाली राहिलं, हा मात्र सगळ्यात आधी माळ्यावर. आणि पुरातनं वाचलेला हा बाबा तीन वर्षांपूर्वी एकाएकी डिस्क वाचेनासा झाला. किशोरीताई लावा नाहीतर मन्सूर लावा, डिस्प्लेवर आपलं ‘नो डिस्क’.

सर्व्हिस सेंटर मुंबईत. कुरिअरवर भरवसा नाही म्हणून अकरा किलोचं धूड रात्रभर एसटीत मांडीवर घेऊन गेलो. तिथल्या पोराने कॉम्प्युटरवर मॉडेल नंबर टाकला, झाकणाला हातसुद्धा लावला नाही, आणि म्हणतो, “काका, हे ईओएल आहे.” म्हणजे काय, तर एंड ऑफ लाइफ. माझ्याकडे बघून म्हणाला का मशीनकडे, देव जाणे. वर इन्स्पेक्शन चार्ज दीड हजार अधिक जीएसटी! न उघडता कसलं इन्स्पेक्शन? नवीन मॉडेलवर पाच टक्के सूट देतो म्हणे, फार उपकार झाले.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने उघडला. आतलं डिस्क वाचणारं लेझर साध्या, स्वस्तातल्या सीडी प्लेअरमध्ये असायचं तसलंच निघालं. त्याने बाजारातलं डुप्लिकेट बसवलं, दोन महिने वाजलं, परत बंद. त्याचं म्हणणं, कपॅसिटर सुकले तर वीस-तीस रुपयांत बदलतो, बेल्ट मिळतो, ट्रान्झिस्टरमध्ये नकली माल फार आहे पण शोधला तर अस्सलही सापडतो. घोडं अडतं ते लेझरवर आणि कंपनीने स्वतः प्रोग्रॅम केलेल्या चिपवर. माझ्या मशीनमधल्या चिपवरचा तर नंबरच घासून काढलेला! म्हणजे दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येऊ नये याची सोय आधीच करून ठेवलेली, आणि ती मी पैसे मोजून विकत घेतली.

आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्या मागच्या झाकणाला आतनं सर्किट डायग्राम, म्हणजे आतल्या जोडणीचा नकाशा, चिकटवलेला असायचा. गल्लीतला कुठलाही रेडिओवाला तो बघून काम करायचा.

लेखात टेक्निक्सच्या एसएल-१२०० चं उदाहरण दिलंय. अहो, १९७२ ला आलेलं ते टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, लाखोंनी खपलं, जगभरच्या डीजेंनी वापरलं, २०१० ला बंद केलं ते २०१६ ला परत आणलं. त्याचे पार्ट मिळणारच. जे मशीन जगात हजार-दोन हजारच खपलं त्याचे पार्ट कोण बनवणार? म्हणजे जेवढं महाग आणि दुर्मिळ तेवढं जास्त अनाथ, हे लेखात कुठंच नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं तेही बघितलं. मोबाईल, गाड्या, शेतीची यंत्रं, घरगुती उपकरणं, सगळं आहे, आमची कंपनी काही सापडली नाही. मी फुकट दुरुस्ती मागत नाही. मॉडेल बंद करा, खुशाल करा, पण करताना सर्किट डायग्राम आणि चिपमधला प्रोग्रॅम तरी लोकांसाठी खुला करा.

आणि एक. पुरवणीत करड्या रंगावर पांढरी बारीक अक्षरं छापता ती वाचायला भिंग लागतं. मागच्या पत्रातही हेच लिहिलं होतं, तुम्ही नेमका तेवढाच भाग कापलात.

आपला,
एक जुना वाचक, सांगली