रिकिबीची वादी

डिचोली (गोवा),
१२ ऑगस्ट

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री मी आवाज चढवला आणि तू "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवलास. तुझ्या आईने दोनदा विचारले की झोप का येत नाही, आणि दोन्ही वेळा मी ते पावसावर ढकलले. रायडिंग स्कूलमधून आलेल्या रिकिबीच्या वाद्या, म्हणजे स्वाराचा पाय ठेवायची रिकीब ज्यांना लटकते ते खोगिराचे चामडी पट्टे, पहिल्यांदाच तुझ्या हातात दिल्या, जुनी शिवण उसवून तू त्या मशीनवर दहा मिनिटांत मारल्यास आणि उस्तादांनी मान डोलावली, हे तू किती आनंदाने सांगत होतीस; आणि मी शाबासकी द्यायची सोडून विचारले की शिवण्याआधी चामडे वाकवून पाहिलेस का. आता त्याबद्दल पुन्हा काही लिहायचे नाही असे ठरवूनच कागद घेतला आहे.

आधी चांगले लिहितो, नाहीतर ते राहून जाईल. घोड्याच्या सामानाला हात लावणारी आपल्या घरातली तू पहिली. खाणी चालू होत्या तोवर मी टिपरच्या सीटा आणि खनिजावर घालायच्या ताडपत्र्या शिवल्या. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर भाड्याने माणसे नेणाऱ्या पायलटांच्या मोटारसायकलींच्या सीटा, दप्तरे, चपला, जे येईल ते शिवले. घोडा म्हणाल तर शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचातला लाकडी घोडा तेवढा आपल्या दुकानाच्या पायरीवर आला, त्याचे कमरेला बांधायचे पट्टे मी दरवर्षी नीट करून दिले. तू पुण्याला निघालीस तेव्हा मावशी काय बोलली होती ते तुला आणि मला ठाऊक आहे. गेल्या सोमवारी तीच देवळात कोणाला तरी सांगत होती, "आमची बाय खोगिरे शिवते, रेसकोर्सवरसुद्धा तिचे काम जाते." मी खांबाआड उभा राहून ते पूर्ण ऐकले.

तुझ्या कारखान्यातल्या मशीनचे तू केलेले वर्णनही मी मनात घोळवत असतो. सुई, आतला पाय आणि खालचे दाते तिन्ही मिळून माल पुढे नेतात, त्यामुळे चामड्याचे थर एकमेकांवरून सरकत नाहीत, आणि सर्वो मोटर असल्यामुळे एकेक टाका सावकाश घालता येतो, हे सुख मला कधी मिळाले नाही. आपल्या सिंगर २९-के चा पाय चारही दिशांना फिरतो एवढेच तिचे कौतुक. बॉबिन इतकी लहान की एक दप्तर पुरे होईपर्यंत दोनदा भरावी लागते. तिच्या नावातला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. तो १९८० साली बंद पडला, ती अजून चालते. तू सहावी-सातवीत असताना तिच्या चाकाशी बसून माझ्यासाठी दोऱ्याला मेण लावायचीस आणि मेणाचे हात फ्रॉकला पुसून आईचा मार खायचीस. एकदा तू विचारले होतेस की मशीन असताना बाबा दोन सुया घेऊन हाताने का शिवतात. तेव्हा मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही, म्हणून आज देतो.

मशीनच्या टाक्यात वरचा दोरा वर राहतो, खालचा खाली, आणि दोघांची गाठ चामड्याच्या पोटात पडते. एका बाजूचा दोरा झिजून तुटला की दुसऱ्या बाजूला धरायला काही उरत नाही, आणि ताण पडत राहिला तर शिवण टाक्यामागे टाका सुटत जाते. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याची दोन टोके प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. एक टोक तुटले तरी दुसरे धरून ठेवते. नव्या, जाड चामड्यावर मशीनची शिवण उत्तम चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुनी वादी घामाच्या खाराने आतून सुकलेली असते, आणि चामड्याची सुई भोक पाडताना चामडे कापत जाते. जुन्या भोकांच्या मधेमधे नवी भोके पडली, त्यात टाके बारीक घातले, तर पोस्टाच्या तिकिटाची कड तयार होते. अशा वादीला इंचाला ६ ते ८ टाक्यांहून जास्त घालू नये, शक्य तर आरीने जुनीच भोके मोकळी करून त्यातूनच हाताने शिवावे, आणि तिची वरची बाजू बाहेर ठेवून वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर शिवूच नये, नवी वादी कापावी.

बघ, शिकवायला लागलोच. हे सगळे उस्तादांनी तुला माझ्यापेक्षा चांगले सांगितले असेल. म्हाताऱ्याला क्षमा कर.

पण एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही, ती सांगितल्याशिवाय परवाचे माझे ओरडणे तुला कळायचे नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्या एका माणसाने त्याचा कमरेचा चामडी पट्टा माझ्याकडे आणला होता. बकलाजवळची शिवण गेली होती. ऐन चवथीच्या आधीची गर्दी, दुकानात माणसे उभी. मी जुन्याच रेषेवर मशीन फिरवली, मेण चोपडले आणि वीस रुपये घेतले. पट्टा चकाकत होता. आठव्या दिवशी तो त्या शिवणीवरच फाटला. दोरा शाबूत होता, चामडे गेले होते. तो माणूस एका हाताने खांबाला लटकला, खांदा निखळला, पण जिवंत खाली आला, आणि पुढे महिन्याने मलाच भेटून म्हणाला, "पट्टा जुनाच होता हो." त्या वर्षी मी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधली पण भजनाला बसलो नाही, त्याचे कारण भाऊंशी झालेले भांडण असे तुम्ही सगळ्यांनी धरले, आणि मीही तसेच राहू दिले.

रायडिंग स्कूलमध्ये दहा-बारा वर्षांची मुले असतात, असे तूच सांगितले होतेस.

तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. गेल्या दिवाळीत तू आजीच्या पेटीचा पट्टा शिवलास, त्याचे टाके मी दिव्याखाली धरून मोजले होते; पुढून-मागून सारखे.

उद्या रात्रीच्या पुण्याच्या बसने पुडके पाठवतो. दोन आऱ्या, मेणाचा गोळा आणि आईने दिलेली सोले (आमसुले) आहेत, ती वेगळ्या डब्यात ठेव, नाहीतर आऱ्या गंजतील. मोठ्या आरीची मूठ फुटली होती, तिला चामडे गुंडाळून शिवले आहे.

तुझा,
बाबा

ता. क. त्या वाद्या अजून परत गेल्या नसतील तर एकदा वाकवून पाहा. डावी आधी पाहा. घोड्यावर चढताना सगळा भार तिच्यावर येतो.