एकच शेड, एकच कोड, आणि ओट्याखाली दोन हिरवे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

दिनांक : 6 मे 2025

विषय : एकाच शेडच्या, एकाच कोडच्या दोन डब्यांतला रंग वेगळा निघाल्याबाबत

महोदय,

मी जुळे सोलापुरात राहते आणि घरी शिलाईकाम करते. तुमच्या कंपनीचा वॉटर बेस इनॅमल आम्ही स्वयंपाकघरातल्या कपाटांना लावला. ओट्याखालच्या आठ दारांपैकी पाच एका रंगाची आणि तीन दुसऱ्याच रंगाची झाली आहेत. तीन वेळा फोन करूनही कोणी जबाबदारी घेत नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे.

कपाटं 2009 सालची, प्लायवूडची. प्लाय अजून ठणठणीत आहे. नवीन ट्रॉल्यांचं कोटेशन 85 हजारांचं आलं. ते आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून आहेत तीच कपाटं घासून रंगवायची ठरवली आणि 6,500 रुपये बाजूला काढले. एवढ्या पैशात काम एकदाच होतं. रंग पसंत पडला नाही तर पुन्हा मारू, अशी सोय नव्हती. त्यामुळे रंग ठरवायलाच आम्हाला तीन आठवडे लागले.

आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा, फरशी शहाबादी, खिडकी एकच आणि तीही पूर्वेची. सासूबाईंना सगळं पांढरं हवं होतं. मी नको म्हटलं, कारण आधीचा पांढरा ऑईलपेंट कसा पिवळा पडत गेला हे मी रोज पाहिलं होतं. उजेड लागायचा तिथे कमी, दारांच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला जास्त. ऑईलपेंटचा तो गुणच आहे, असं पेंटरही म्हणाले. म्हणून लिटरमागे जास्त पैसे मोजून वॉटर बेस घेतला. मुलीला गडद निळा आवडला होता. पण आमच्याकडे रोज भाकरी असते, ज्वारीचं पीठ उडणारच. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, एरवी बोअरचं, आणि त्याचा थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो. निळ्यावर ते सगळं उठून दिसलं असतं. शेवटी वरच्या सहा दारांना सायीसारखा फिका रंग ठरला, कारण एका खिडकीच्या उजेडात फिकंच बरं. खालच्या आठ दारांना कढीपत्त्याच्या जून पानासारखा हिरवा ठरला. शहाबादीच्या करड्या रंगाशी तो छान जमतो आणि पायांचे, बादलीचे डागही त्यावर लगेच दिसत नाहीत.

शेड कार्डावरचा चौकोन नखाएवढा. तेवढ्यावर विसंबायचं नव्हतं, म्हणून ते कार्ड मी आठवडाभर ओट्याखाली चिकटवून ठेवलं. सकाळच्या उन्हात पाहिलं, दुपारी पाहिलं, रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहिलं. पिवळ्या बल्बखाली तोच हिरवा मातकट दिसायला लागला, तेव्हा तिथला बल्ब काढून पांढरा लावला. छोटा नमुना डबा मिळेल का, असं तुमच्या अधिकृत विक्रेत्याला विचारलं. ‘या शेडचा बेस लिटरच्या खाली येत नाही,’ असं उत्तर मिळालं. बेस म्हणजे ज्यात दुकानातलं मशीन कोडप्रमाणे रंग मिसळून शेड बनवतं, तो मूळ डबा. ज्याला पैसा जपून खर्च करायचा आहे, त्यालाच छोटा डबा लागतो. तो तुम्ही का देत नाही, हे मला कळत नाही.

आता मूळ तक्रार. डब्यावर छापलं आहे की एका लिटरमध्ये दोन हात 90 ते 100 चौरस फूट होतात. खालचं काम मोजून 78 चौरस फूट भरलं. मी तुमच्या कस्टमर केअरला फोन केला, शेडचा कोड सांगितला, माप सांगितलं. ‘एक लिटर पुरेल’ असं तिथल्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं. म्हणून 3 एप्रिलला हिरव्याचा एकच डबा घेतला, 610 रुपयांना. घासणं, लांबी भरणं, पांढरं प्रायमर, सगळं रीतसर झालं. दोन हात मारले तरी खालचं पांढरं दिसतच होतं. पेंटर म्हणाले, गडद शेडच्या बेसमध्ये पांढरा पिगमेंट कमी असतो, त्यामुळे तो झाकायला कमी पडतो. अशा रंगाखाली करडं प्रायमर मारलं असतं तर बरं झालं असतं. हे मला तुमच्या मॅडमनी सांगायला हवं होतं, कोड त्यांच्यासमोर होता. तिसरा हात मारावा लागला आणि पाच दारांतच डबा संपला.

12 एप्रिलला त्याच दुकानातून, त्याच मशीनवर, तोच कोड सांगून दुसरा डबा आणला. राहिलेल्या तीन दारांना लावला. ओला असताना फरक वाटला, पण वाळल्यावर बसेल असं समजून आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला ऊन ओट्याखाली आलं आणि पाचवं आणि सहावं दार शेजारी शेजारी दिसलं. पाचवं आम्ही निवडलेलं, जून पानासारखं. सहावं पोपटीकडे गेलेलं. दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीएवढी फट आहे, आणि त्या फटीवर रंग सरळ रेघ मारल्यासारखा बदलतो. उजेडामुळे असं दिसत असेल म्हणून पेंटरनी दोन्ही दारांचे स्क्रू काढून ती अंगणात नेली आणि भर उन्हात भिंतीला टेकवली. तिथे फरक आणखी दिसला. आठवडाभर थांबलो, रंग पूर्ण पक्का झाला, तरी फरक गेला नाही.

मग मी दोन्ही झाकणांवरची मशीनची लेबलं वाचली. शेडचं नाव तेच, कोड तोच, बेस तोच. पण पिवळ्या स्टेनरचा, म्हणजे मशीन बेसमध्ये जो पिवळा रंग मिसळतं त्याचा, आकडा दुसऱ्या डब्यावर पहिल्याच्या जवळपास दीडपट आहे. दोन्ही झाकणं मी जपून ठेवली आहेत.

15 एप्रिलला तुमच्याकडे फोन केला तेव्हा ‘दोन बॅचमध्ये थोडा फरक येतोच’ असं सांगितलं. 24 एप्रिलला सांगितलं की विक्रेत्याशी बोला. विक्रेते म्हणाले, मशीन आणि फॉर्म्युला कंपनीचा, आम्ही फक्त कोड टाकतो. 2 मे रोजी तुमच्या माणसाने मला विचारलं की दोन्ही डबे आधी एकत्र मिसळून का घेतले नाहीत. महोदय, ही गोष्ट आमच्या पेंटरलाही माहीत आहे. ते म्हणाले, ‘वैनी, दोन्ही डबे एकदम आणले असते तर मी बादलीत एकजीव करूनच लावले असते.’ दुसरा डबा नऊ दिवसांनी आणावा लागला, कारण एक पुरेल असं तुमच्या डब्यावर छापलं होतं आणि तुमच्याच फोनवर सांगितलं होतं. बॅचमध्ये फरक येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तर लागणारा सगळा रंग एकदम घ्या, ही ओळ डब्यावर मोठ्या अक्षरात का नाही?

अक्षय्य तृतीयेला घरी पाहुणे होते. सासूबाईंनी ती तीन दारं झाकायला त्यांवर चादर सोडली होती. तीन आठवडे विचार करून निवडलेला रंग असा झाकून ठेवावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं.

आमचा एकूण खर्च 6,350 रुपये झाला आहे : रंग, प्रायमर, लांबी आणि किरकोळ सामान मिळून 2,350, आणि पेंटरची पाच दिवसांची मजुरी 800 रुपयांप्रमाणे 4,000. सगळा परत मागत नाही. वरच्या दारांचा रंग उत्तम आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आठही खालची दारं एकसारखी करायला पहिल्या डब्याच्या लेबलप्रमाणे, एकाच वेळी तयार केलेला दोन लिटर रंग द्या आणि दोन दिवसांची मजुरी 1,600 रुपये द्या. रंग देणं जमत नसेल तर त्याच्या किमतीसह 2,820 रुपये द्या. दोन लेबलांवरचे आकडे वेगळे का, याचं उत्तर मला लेखी हवं आहे. माणूस पाठवून दारं पाहायची असतील तर सकाळी आठ ते नऊ या वेळेत पाठवा, तेव्हा उजेड चांगला असतो.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही. तोपर्यंत ती तीन दारं मी तशीच ठेवणार आहे, पुन्हा घासणार नाही.

सोबत दोन्ही बिलांच्या प्रती, दोन्ही झाकणांवरच्या लेबलांचे फोटो आणि पाचव्या-सहाव्या दाराचा अंगणातला फोटो जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक
जुळे सोलापूर, सोलापूर