क्वेरी कुठे अडली ते पाहून गुण द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पीयूसी (अकरावी-बारावी) आणि पदवीच्या संगणक प्रॅक्टिकलचे दिवस आले की बेळगाव-खानापूर भागातल्या घराघरांत ‘एरर’ हा शब्द ऐकू येतो. मी डेटाबेसची लॅब घेते. नंदगड, जांबोटी, येळ्ळूर, कडोलीकडची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बरीच मुलं माझ्यासमोर असतात. त्यांची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालली नाही की जर्नलमध्ये ‘सिंटॅक्स एरर’ (रचनेची चूक) एवढंच लिहिलं जातं आणि अनेक परीक्षक तिथेच शून्य देऊन पुढच्या मुलाकडे वळतात. चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला लॅबमध्ये शिकवलं जावं आणि गुणही ते पाहून दिले जावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती १९७४ साली मांडली, तेव्हा प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही माहिती विचारता यावी हा हेतू होता. आज तीच भाषा शिकताना मुलं घाबरतात, आणि त्याचं मोठं कारण यंत्राचा नकार त्यांना वाचता येत नाही हे आहे.

यंत्र क्वेरी एका दमात समजून घेत नाही. आधी अक्षरं वाचून शब्द, आकडे आणि चिन्हं वेगळी काढतं. मग पार्सर हा त्याचा भाग त्यांची रचना नियमात बसते का ते पाहतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये या टप्प्यावर टेबलांकडे पाहिलंही जात नाही. रचना मान्य झाली की मगच त्या नावाचं टेबल आहे का, त्यात तो कॉलम आहे का, याचा शोध सुरू होतो. त्यानंतर क्वेरी प्रत्यक्ष चालते आणि शून्याने भागण्यासारख्या चुका तेव्हा बाहेर पडतात. ‘विहिरीने दुपारी पत्र वाचलं’ या वाक्याचं व्याकरण बरोबर आहे, अर्थ जुळत नाही. ‘ने पत्र विहिरी दुपारी’ हे मात्र वाक्यच नाही. दोन्ही लिहिणाऱ्या मुलांना मराठीचा कोणताही शिक्षक सारखेच गुण देणार नाही.

एसक्यूएलच्या मानकाने यासाठी पाच अक्षरी कोड ठरवलेला आहे. पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात, पुढची तीन उपप्रकार. ४२ या वर्गात रचनेची चूक आणि प्रवेशनियमाचा भंग दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे पहिले दोन आकडे पाहून भागत नाही. पोस्टग्रेसमध्ये रचना चुकली तर ४२६०१, टेबल सापडलं नाही तर ४२पी०१, कॉलम सापडला नाही तर ४२७०३, परवानगी नसेल तर ४२५०१. शून्याने भागलं तर २२०१२, म्हणजे वर्गच वेगळा. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या टर्मिनलमध्ये हा कोड आपणहून दिसत नाही. ‘व्हर्बोसिटी’ची सेटिंग ‘व्हर्बोज’ करून ठेवावी लागते. प्रत्येक लॅबमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच ही एक ओळ घालून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

मायएसक्यूएल हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची अडचण जास्त आहे. कॉमा राहिला, कंस राहिला, राखीव (भाषेने स्वतःसाठी ठेवलेला) शब्द कॉलमला नाव म्हणून दिला, या सगळ्याला तिथे १०६४ हा एकच क्रमांक आणि ‘मॅन्युअल पाहा’ हा सल्ला. ‘रँक’ हा शब्द ८.० आवृत्तीत राखीव झाला. घरच्या जुन्या आवृत्तीवर निकालाच्या टेबलात ‘रँक’ कॉलम घेऊन सराव केलेला मुलगा लॅबच्या नव्या आवृत्तीवर १०६४ पाहून गोंधळतो. त्याच्या रचनेत काहीच चुकलेलं नसतं, फक्त त्या शब्दाभोवती बॅकटिक (`) हवी असते.

पार्सर बोट कुठे दाखवतो, हेही शिकवायला हवं. कोणत्या टेबलातून हे सांगणाऱ्या ‘फ्रॉम’ऐवजी ‘फॉर्म’ टाइप होणं ही लॅबमधली रोजची चूक. ‘सिलेक्ट’नंतर तारा (*, म्हणजे सगळे कॉलम) असेल तर पोस्टग्रेस थेट ‘फॉर्म’वर बोट ठेवतो. पण ताऱ्याच्या जागी कॉलमचं नाव असेल तर ‘फॉर्म’ हे त्या कॉलमचं टोपणनाव समजलं जातं आणि एरर दाखवली जाते पुढच्या, टेबलाच्या नावावर. मुलं मग टेबलाच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. पार्सर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ज्या शब्दाशी पहिल्यांदा अडतो तो दाखवतो. म्हणून मी सांगते, दाखवलेला शब्द पाहा आणि तिथून डावीकडे वाचत या.

कोट बंद करायचा राहिला तर वेगळीच गोष्ट होते. टर्मिनलवर एरर येतच नाही, प्रॉम्प्टमध्ये कोटाचं चिन्ह दिसतं आणि यंत्र पुढच्या ओळीची वाट पाहतं. मुलांना वाटतं कॉम्प्युटर हँग झाला.

आता आपल्या भागातल्या मुलांना खास भेडसावणाऱ्या चुकांकडे येते, कारण त्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि वयाच्या अटीत देवनागरी १८ टाइप झाले, तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोघेही त्याला आकडा मानत नाहीत. इंग्रजीबाहेरची अक्षरं नावात चालतात, म्हणून ते ‘१८’ नावाचा कॉलम शोधतात आणि सापडला नाही असं सांगतात. कन्नड अंकांचंही तसंच. वर्डमधून उतरवलेल्या वळणदार कोटांचीही हीच गत: ‘निपाणी’ हा मजकूर न राहता कॉलमचं नाव होतो. चूक टायपिंगची असते आणि एरर ‘कॉलम नाही’ अशी येते. मूल बिचारं टेबल उघडून कॉलम मोजत राहतं.

याहून अवघड ‘ऱ्य’ची. ‘शेतकऱ्याचे नाव’ असा कॉलम असेल तर त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकदा नुक्त्याचा ऱ वापरून, एकदा साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला दोन वेगळी नावं वाटतात. हा फरक कॉलमच्या नावात असला तर निदान एरर येते. टेबलात भरलेल्या माहितीत असला तर तीही येत नाही, निकालात शून्य ओळी दिसू शकतात. नावं नोंदवणाऱ्या कोणत्याही कार्यालयात हे घडू शकतं, म्हणून हा विषय लॅबपुरता समजू नये.

एरर न येणाऱ्या चुका मला सर्वांत धोक्याच्या वाटतात. ‘नाव’ आणि ‘गाव’ या दोन कॉलमांमधला कॉमा राहिला तर क्वेरी सुरळीत चालते. ‘गाव’ हे ‘नाव’चं टोपणनाव होतं आणि गावाच्या मथळ्याखाली माणसांची नावं छापून येतात. अशा क्वेरीला ‘चालली’ म्हणून पूर्ण गुण मिळालेले मी पाहिले आहेत.

याउलट एका मुलीची गोष्ट. तिने ‘फॉर्म’ दुरुस्त केलं, पुन्हा क्वेरी चालवली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “मॅडम, आणखी एक एरर आलाय बघा की.” पडद्यावर ४२७०३ होतं. म्हणजे तिची रचना पार्सरने मान्य केली होती, आता फक्त कॉलमच्या नावात एक अक्षर कमी होतं. ती एक टप्पा पुढे गेली होती. परीक्षकांनी दोन एरर मोजल्या आणि शून्य दिलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पार्सर पहिल्या चुकीशीच थांबतो, त्यामुळे चुका एकामागून एक दिसणारच. एररची संख्या मोजून गुण देणं चुकीचं आहे. शेवटची एरर कोणत्या टप्प्यावरची आहे ते पाहावं.

बेळगाव जिल्ह्यात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. त्यांच्या संगणक विभागांना माझी कळकळीची विनंती आहे की नेहमी भेटणाऱ्या एररचा एक तक्ता काढावा: कोड, त्याचा टप्पा, मराठीत अर्थ, कन्नडमध्ये अर्थ आणि आधी काय तपासायचं. पोस्टग्रेसमध्ये संदेशाची भाषा बदलता येते, पण कोड कोणत्याही भाषेत तोच राहतो, त्यामुळे एकच तक्ता मराठी आणि कन्नड मुलांना शेजारी बसून वापरता येईल. परीक्षकांना जाणाऱ्या सूचनांमध्येही टप्प्यानुसार गुण देण्याचा उल्लेख असावा.

मराठी बाजूचा कच्चा मसुदा माझ्याकडे तयार आहे. कन्नड बाजू लिहून देणारे आणि दोन्ही तपासणारे शिक्षक पुढे आले तर येत्या सत्राआधी तो लॅबच्या भिंतीवर लावता येईल.

आपली,
एक संगणक शिक्षिका, खानापूर