दादा, मिस्त्रीला अजून ॲडव्हान्स देऊ नकोस

कॅलगरी
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय दादा,

तू पाठवलेला फोटो बघितला, गोव्यातल्या मांद्र्याच्या घराची गच्ची, त्यावर खडूने आखलेला चौकोन आणि खाली तुझा मेसेज, "इथे हॉट टब, तुझ्यासारखा!" आधी हसले आणि मग पोटात गोळाच आला. फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं हो, कळलं" म्हणून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र, आता बस वाचत. सावंतवाडीला जाशील तेव्हा आईलाही वाचून दाखव, कारण मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "ता काय असता गो? पाण्याची टाकीच मां ती?" आणि माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, कारण टाकीच आहे ती. गरम पाण्याची, फुगे येणारी, आणि ज्यातलं पाणी तीन-चार महिने तेच राहतं अशी टाकी. सगळी भानगड या शेवटच्या वाक्यात आहे, त्यावर येतेच.

आधी हे कबूल करते की मला आमचा टब जीवापाड आवडतो. सहा वर्षं झाली घेऊन. बाहेर उणे पंचवीस, मागच्या अंगणात गुडघाभर बर्फ, दारापासून टबापर्यंतची दहा पावलं देवाचं नाव घेत पळायची आणि मग ३९ डिग्रीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडायचं, डोक्यावरचे ओले केस पाच मिनिटांत काड्यांसारखे कडक होतात आणि खाली अंग लोण्यासारखं. नोव्हेंबर ते जानेवारी इथे दुपारी साडेचार-पाचला अंधार पडायला लागतो त्या दिवसांत या टबाने मला वेडं होण्यापासून वाचवलंय असं म्हटलं तरी चालेल. पण दादा, ते सुख थंडीचं आहे रे. जुलैत आमचं कव्हर आठ-आठ दिवस उघडलं जात नाही. आणि तुमच्याकडे मे महिन्यात रात्री दहाला अंगाला बनियन चिकटलेलं असतं.

तू म्हणशील डिसेंबर-जानेवारीत मांद्र्याला पहाटे छान गारवा असतो. असतो की, पण तो शालीचा गारवा, टबाचा नाही.

शिवाय एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. टब चांगला इन्सुलेटेड असतो आणि पंप रोज काही तास पाणी फिरवत राहतो, त्या फिरण्यानेच पाणी तापतं. आमच्या इथे चुकून तिशीच्या वर पारा गेला की हीटर बंद असूनही पाणी लावलेल्या तापमानाच्या वर सरकतं. चाळीसच्या वर कुणी बसायचं नसतं, मशीनही तिथेच अडवते. साध्या टबात पाणी थंड करायची सोय नसते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये तुझ्याकडे पाणी गरम करणं हा प्रॉब्लेमच नाही, गार करणं हा आहे. त्याची चिलर लावलेली मॉडेलं असतात पण मग तो खर्च वेगळा.

बाकी विजेचं म्हणशील तर ती बाजू तुझी आहे, खोटं कशाला बोलू. १३०० लिटर पाणी एक डिग्री तापवायला साधारण दीड युनिट लागतं. आमच्या नळाचं पाणी ८ डिग्रीचं, ते ३९ ला न्यायला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस युनिटं गेली, तुझ्या टाकीतलं पाणी मुळातच २७ असणार, म्हणजे अठरा युनिटांत काम झालं. बिलाने तू मरणार नाहीस.

मरशील ते स्लॅबने. हे मात्र शांतपणे वाच. रिकामा टब साडेतीनशे किलो, पाणी तेराशे, पाच माणसं बसली की अजून साडेतीनशे, झाले दोन हजार किलो, आणि हे सगळं तुझ्या त्या खडूच्या दोन मीटर बाय दोन मीटरच्या चौकोनात. म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलो. आपल्याकडे माणसांच्या वावराची साधी गच्ची धरतात ती चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशोबाने, राहत्या खोल्या दोनशेच्या. मिस्त्री म्हणतो "काय होत नाय साहेब, मजबूत हा" हे मला माहितीये, कारण मिस्त्री सगळ्यालाच तसं म्हणतो. तुझ्या त्या घराचा अर्धा भाग जुना चिऱ्याचा आणि अर्ध्यावर नंतर स्लॅब टाकलेला, कॉलम कुठे आहेत हे आधीच्या मालकालाही नीट सांगता आलं नव्हतं, आठवतंय ना? स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलाव, त्याची फी दे, आणि तो लेखी देईपर्यंत गच्चीचा विषय बंद. टब ठेवायचाच तर खाली, जमिनीवर, खाली काँक्रीटचा बेड घालून.

आता आईचे गुडघे. तू प्रत्येक वेळी ते कारण पुढे करतोस, आणि ते अगदीच खोटं नाही. ज्याला आपण सरसकट जकुझी म्हणतो ते एका कुटुंबाचं आडनाव, इटलीहून कॅलिफोर्नियात आलेले भाऊ, आधी विमानांचे पंखे आणि मग विहिरींचे पंप बनवायचे. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याच्यासाठी बापाने न्हाणीच्या टबात बुडवायचा पंप केला आणि १९५६ पासून तो विकायला लागले. आत पंप बसवलेला तयार टब आला तो पुढे १९६८ मध्ये. म्हणजे मुळात दुखऱ्या सांध्यांचीच वस्तू आहे ही, पार्टीची नंतर झाली. पण दादा, टबाचा काठ तीन फूट उंच असतो. बाहेरून दोन पायऱ्या चढायच्या, पाय काठावरून पलीकडे टाकायचा आणि आतल्या ओल्या गुळगुळीत सीटवर उतरायचं. जी आई सावंतवाडीच्या घराच्या ओसरीची पायरी चढताना खांब धरते ती हे करणार? आणि गच्चीपर्यंतचा जिना? बाबांची तर गोष्टच सोड, बीपी आणि शुगर दोन्ही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं, पंधरा-वीस मिनिटांनी एकदम उभं राहिलं की तरण्या माणसालासुद्धा गरगरतं (मला एकदा झालंय, बर्फात बसले होते खाली). शुगरवाल्यांच्या पायाला कधीकधी चटका कळतच नाही हे वेगळंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना उतरवू नकोस.

आता ते न बदलणारं पाणी. बादलीने आंघोळ केली की पाणी गेलं मोरीत, संपला विषय. टबातलं पाणी राहतं, आणि त्यात अंगाचा घाम, तेल, साबण, क्रीम सगळं राहतं. म्हणून जंतू मारायला क्लोरीन किंवा ब्रोमीनचं औषध, मी आठवड्यातून तीनदा पाणी तपासायची पट्टी बुडवून बघते, पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे आहे ना, ब्रोमीन तीन-चार पीपीएमच्या खाली गेलं नाही ना. दर शनिवारी फिल्टर काढून पाइपने धुवायचा, शॉक म्हणून जास्तीचा डोस टाकायचा, दर तीन महिन्यांनी सगळं पाणी सोडून, नळ्यांच्या आतला बुळबुळीत थर जाण्यासाठी औषध फिरवून, पुसून, पुन्हा भरायचं. सहा वर्षांत हे काम ह्यांनी किती वेळा केलं असेल? चार. टब घेताना उत्साह ह्यांचा होता बरं का. म्हणून माझा तुला पहिला आणि खरा प्रश्न हाच आहे की तुमच्या घरात शनिवारी हे कोण करणार, तू कुडाळच्या दुकानात, वहिनी शाळेत, आणि मांद्र्याला तो एक केअरटेकर ज्याला झाडांना पाणी घालायलाही दोन फोन करावे लागतात.

नाही केलं तर काय होतं? लिजिओनेला नावाचा जंतू आहे, फुफ्फुसात जातो, वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांतून. त्याला २५ ते ४५ डिग्रीचं पाणी मानवतं. आता विचार कर, आमच्याकडे नळाचं पाणीच ८ डिग्रीचं, पण गोव्यात पाणी न तापवता नुसतं भरून ठेवलंस तरी ते अठ्ठावीस-तीस डिग्रीचं असणार. म्हणजे "पावसाळ्यात बंद ठेवू, औषध नको" हा हिशोब चालत नाही. एक तर पूर्ण कोरडा, नाहीतर पूर्ण औषधात. अंगावर पुरळ उठवणारा जंतू अजून वेगळा.

आणि आईच्या मागून तू हळूच म्हणालास ते, होमस्टेला देऊ म्हणजे खर्च निघेल, मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात पाहुणे वाढलेत वगैरे. तर पाहुणे टबात काय करतात ते मला विचार. सनस्क्रीन फासून, समुद्राची वाळू घेऊन, हातात बिअर घेऊन उतरतात. पाच माणसं एक तास बसली की सगळं क्लोरीन खलास, दुसऱ्या दिवशी पाणी ढगाळ. तुझ्याकडे एक ग्रुप अकराला गेला आणि दुसरा दोनला आला तर मधल्या तीन तासांत पाणी कसं सुधारणार? आणि दारू आणि गरम पाणी ही जोडी सगळ्यात वाईट, माणूस झोपतो आणि सरकतो. कुणाचं काही झालं तर दारात पोलीस तुझ्याच येणार. लहान मुलं आली तर कव्हरला कुलूप हवं, किल्ली कोणाकडे? त्या केअरटेकरकडे!

पाणी कुठून आणणार तेही सांग. तूच म्हणाला होतास की एप्रिलनंतर चांदेलच्या जलशुद्धीकरण केंद्राचं नळाचं पाणी दिवसाआड येतं आणि टँकर मागवावा लागतो. विहिरीचं भरशील तर चिऱ्याच्या जमिनीत लोह असतं, क्लोरीन पडलं की ते पाणी गंजाच्या रंगाचं होतं आणि टबाला डाग बसतात.

पाऊस तर बोलायलाच नको, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास, आमच्याकडे बर्फ धरून जेमतेम त्याचा सातवा हिस्सा. कव्हरच्या आत फोम असतो, तो एकदा पाणी प्यायला की उचलायला दोन माणसं लागतात. वर खारा वारा, आणि पंपाच्या कपाटात मुंग्या, पाली, उबेला आलेली धामण. सर्किट बोर्डावर पाल चिकटली की काय होतं ते तुला इन्व्हर्टरच्या वेळचं माहितीये.

तू गमतीत म्हणालास ना की तुझाच जुना पाठव. अरे इथली मशीन ६० हर्ट्झची, आपली वीज ५०, पंप सहाव्या हिश्शाने हळू फिरणार. आणि बिघडल्यावर? दोन वर्षांपूर्वी जानेवारीत उणे अठ्ठावीसला शुक्रवारी रात्री आमचा पंप बंद पडला. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले मंगळवारी येऊ. मंगळवारपर्यंत नळ्या गोठून फुटल्या असत्या. मग खोलीतला छोटा हीटर टबाच्या बाजूच्या पंपाच्या कपाटात ठेवून आम्ही दोघं तीन रात्री आळीपाळीने उठत होतो, दर दोन तासांनी, तान्हं मूल असल्यासारखं. ज्या शहरात गल्लीगल्लीत टब आहेत तिथे ही कथा. तुला गोठायची भीती नाही, पण मांद्र्याला येणारा मेकॅनिक कुठून येणार हे विकणाऱ्याकडून लिहून घे. वायरिंगला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हे तर विचारायचंच नाही, हवंच.

मला विचारशील तर मी काय करेन? मागच्या पडवीत, विहिरीच्या बाजूला, ती जुनी न्हाणी तू स्टोअररूम केलीयेस ना, ती मोकळी करेन. खाली लादी थोडी खोल घेऊन बसका हौद, दोनशे-अडीचशे लिटरचा, काठ गुडघ्याच्या खाली, आत बसायला बाक, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे, वर सोलरचं गरम पाणी. भरायचं, आईने वीस मिनिटं बसायचं, बुच काढायचं, पाणी माडांना. पाणी राहतच नाही म्हटल्यावर औषध नाही, पट्टी नाही, शनिवार नाही. रोज घासून कोरडा मात्र करायचा. नरकचतुर्दशीला आजी पाणी तापवायच्या भाणाला हळदकुंकू लावून कारिटाची माळ घालायची आणि आपल्याला पहाटे चारला उठवून उटणं चोळायची, ती धुराची, ओल्या लाकडाची न्हाणी आठव. राजापूरच्या उन्हाळ्याला, त्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, गेलो होतो तेव्हा तू कुंडातून बाहेर यायलाच तयार नव्हतास, बाबांनी कान धरून काढलं होतं. तुला जे हवंय ते मला वाटतं तेच आहे, हा फुग्यांचा डबा नव्हे. पण घर तुझं, पैसे तुझे.

इंजिनीअरचं काय ठरलं ते शनिवारी कळव, तुमच्याकडे रात्र असेल तेव्हा मी फिल्टर धूत असेन, स्पीकरवर बोलू. आणि सावंतवाडीला माळ्यावर आजीचं ते तांब्याचं भाण अजून आहे का बघ. बाबा म्हणतात भंगारात गेलं, आई म्हणते सतरंजीखाली झाकलेलं आहे.

वहिनीला आणि पोरांना गोड पापा, आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
चिंगी