बाहेरून शिकणाऱ्यांनाही लायब्ररीचं कार्ड द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूरशिक्षणाच्या ॲडमिशनच्या जाहिराती परत सुरू झाल्यात म्हणून हे लिहितेय. नोकरी सांभाळून शिका, घरबसल्या डिग्री मिळवा असं सगळीकडे छापलेलं असतं, पण पुस्तकं कुठून आणायची ते कुणीच सांगत नाही. मी अंगणवाडीत काम करते आणि एका विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागातून इतिहासात एमए करतेय. आमचं अभ्यासकेंद्र तालुक्याच्या कॉलेजात आहे, तिथली लायब्ररी चांगली भरलेली आहे, पण आमचे संपर्क वर्ग रविवारी आणि लायब्ररी रविवारी बंद. आठवड्यात रजा टाकून गेलं की काउंटरवर सांगतात, मॅडम तुम्ही बाहेरून आहात, पुस्तक घरी देता येत नाही, इथंच बसून वाचा. मग गावाकडची एसटी चुकायच्या आत वहीत जेवढं उतरवून होईल तेवढं उतरवायचं, पानांचे फोटो काढायचे आणि रात्री मुलं झोपली की मोबाइलवर ते मोठे करकरून वाचायचे. मी ग्रंथपालांना दोष देत नाही. पुस्तक हरवलं तर त्यांना जाब द्यावा लागतो आणि आमची नावं त्यांच्या रजिस्टरला नसतातच.

विद्यापीठाकडून पुस्तिका येतात, त्या पास व्हायला पुरतात. पण प्रत्येक घटकाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते, ती मग कशाला छापतात? विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची. डिग्री बरोबरीची आहे तर अभ्यासाची सोय पण बरोबरीची पाहिजे ना.

कुणी म्हणेल आता सगळं ऑनलाइन आहे. काही चांगलं खरंच आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते, शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश वेबसाइटवर त्यांच्या पुस्तिका आहेत, आयआयटी खरगपूरनं उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, मराठी विश्वकोश तर आहेच. अडतं ते जर्नल्सपाशी, म्हणजे संशोधनाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांपाशी. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं, म्हणजे जर्नल्सची वर्गणी सरकार भरतं आणि सरकारी संस्थांतल्या लोकांना ती वाचता येतात, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नल्स, ६३०० च्या वर सरकारी संस्था. फार मोठं काम आहे हे. पण ही जर्नल्स कॅम्पसच्या नेटवर उघडतात, घरून बघायची तर संस्थेनं लॉगिन द्यावं लागतं, आणि लॉगिन मागितलं की आमचा विभाग म्हणतो लायब्ररीत विचारा आणि लायब्ररी म्हणते विभागाकडून यादी आली नाही. जो कधीच कॅम्पसवर येत नाही त्यालाच खरं तर हे लॉगिन सगळ्यात आधी मिळायला पाहिजे.

ब्रिटनमध्ये स्कोनल ॲक्सेस नावाची योजना आहे, त्यात तिथल्या ओपन युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी आपल्या जवळच्या दुसऱ्या विद्यापीठाची लायब्ररी वापरू शकतात. आपल्याकडे तर त्याहून सोपं आहे, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं गावोगावी आहेत, त्यातली कितीतरी संध्याकाळी उघडी असतात, म्हणजे नेमकी आम्हाला जमेल तेव्हा. विद्यापीठानं तालुक्याच्या एका ग्रंथालयात आमच्या संदर्भग्रंथांचा एकेक संच ठेवला तर किती जणांची सोय होईल! मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना तर याचाच आधार आहे, कारण ती जर्नल्स बहुतेक सगळी इंग्रजीत असतात.

फुकट द्या असं आमचं म्हणणं नाही. डिपॉझिट घ्या, दोनच पुस्तकं द्या, उशीर झाला तर दंड लावा. पण यंदाच्या ॲडमिशन फॉर्ममध्येच अभ्यासकेंद्राच्या लायब्ररीचं कार्ड पाहिजे का असा एक रकाना ठेवा, पीआरएन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक) येईल त्याच मेसेजमध्ये ई-लायब्ररीचं लॉगिन पाठवा, आणि संपर्क वर्ग असेल त्या रविवारी निदान दोन तास लायब्ररी उघडी ठेवा, त्या दिवसाची बदली रजा किंवा मानधन लायब्ररीच्या स्टाफला मिळालंच पाहिजे.

आपली,
दूरशिक्षणाची एक विद्यार्थिनी, जि. बीड