जुन्या सायकलीवरची रेघ हाताचीच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉड-ब्रेकच्या जुन्या सायकली माळ्यावरून उतरवून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस सोलापुरात वाढू लागली आहे. याचा आनंदच आहे, परंतु या सायकलींच्या रंगकामात जी घाई होते, तिच्याबद्दल स्वतःचे हात पोळल्यानंतर लिहीत आहे.

माझ्या वडिलांची सायकल आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्याची. गिरणीच्या रात्रपाळीला ते तिच्यावरूनच जात. काळ्याभोर फ्रेमवर, नळ्यांच्या जोडांच्या कडेने आणि मडगार्डवर दुहेरी सोनेरी रेघ होती. एक जाड आणि तिच्या अगदी शेजारून चालणारी दुसरी केसासारखी बारीक. मी ही सायकल पावडर कोटिंगसाठी, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजण्यासाठी, एका कारखान्यात दिली आणि देण्यापूर्वी तिचा एक फोटोदेखील काढला नाही. तेथे वाळूचा मारा करून मूळ रंग उडवण्यात आला. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजली जाते आणि तिचा थर ब्रशने किंवा फवाऱ्याने दिलेल्या रंगापेक्षा जाड बसतो. दरवाज्याच्या ग्रिलला तो उत्तम. माझ्या सायकलीवर मात्र सीटखाली ठोकलेला नंबर बुजला, जोडांच्या रेखीव कडा बोथट झाल्या आणि पायडलचा आस जिथे बसतो तिथल्या आट्यांत पावडर भरून बसली. वर सोनेरी पट्टीचे स्टिकर लावून मिळाले. गोल नळीच्या वळणावर त्यांना चुण्या पडल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची टोके सुटली.

चेनकव्हर तेवढे सुदैवाने घरीच राहिले होते. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघांची जाडी, मधले अंतर आणि कोपऱ्यातले वळण उतरवून घेतले. फ्रेम पुन्हा खरवडली, प्राइमर दिला, वॉटर पेपरने घासली, काळा इनॅमल चढवला आणि तो पूर्ण कडक होईपर्यंत तीन आठवडे तिला हात लावला नाही. नंतर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वयस्क पेंटर घरी आले. ते सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ काम करत, कारण सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी टर्पेंटाइन इतक्या लवकर उडते की रंग घट्ट होऊन ब्रश मध्येच अडतो. लांब केसांचा ब्रश रंगात बुडवून ते आधी काचेच्या तुकड्यावर दोन-तीन रेघा ओढत, मग करंगळी नळीच्या कडेला टेकवून, श्वास रोखून, हात स्वतःकडे आणत. ब्रशकडे न पाहता त्यांची नजर पुढे, रेघ जिथे संपायची त्या जागेवर असे. एक रेघ बिघडली, तेव्हा त्यांनी टर्पेंटाइनच्या फडक्याने ती पुसून पुन्हा ओढली. खालचा रंग पक्का वाळलेला असल्यामुळेच हे जमते. मी चिकटपट्टी लावण्याचे सुचवले, तेव्हा ते हसले. पट्टीने कडेला उंचवटा राहतो आणि रंग खाली झिरपतो, हे त्यांचे म्हणणे पुढे मडगार्डच्या आतल्या बाजूस मी स्वतः करून पाहिले आणि मला पटले.

चेन्नईला रॉयल एनफिल्डच्या टाक्यांवरील सोनेरी रेघा हातानेच मारल्या जात आणि ग्राहक त्याचे कौतुकाने पैसे मोजत. आपल्याकडे मात्र फ्लेक्स आल्यापासून असा हात असलेल्या पेंटरांना भिंतींना चुना मारण्याची वेळ आली आहे, आणि त्याच शहरात सायकलींना स्टिकर चिकटतात, हे मला खटकते. सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी रंग खरवडण्यापूर्वी ट्रेसिंग घ्यावे आणि रेघांचे काम या मंडळींकडे, त्यांच्या कौशल्याला साजेशा मजुरीने द्यावे. शहरातील आयटीआयनेही त्यांना चार दिवस पाहुणे शिक्षक म्हणून बोलवावे. आणखी एक सूचना: इनॅमलच्या रेघेवर पीयू क्लिअरचा (पॉलियुरेथेनच्या पारदर्शक वॉर्निशचा) हात देण्यापूर्वी तो कोपऱ्यात तपासावा, नाहीतर रेघ सुरकुतते.

माझ्याकडील ट्रेसिंगचा कागद कोणास हवा असल्यास त्याची प्रत आपल्या कार्यालयात ठेवण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर