वजनकाटा माळ्यावर टाकायला लावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी माझी पत्नी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढली आणि वर पोहोचल्यावर, श्वास अजून लागलेला असतानाच, मोठ्याने शिंकली. त्या शिंकेनंतर ती माझ्याकडे पाहून जे हसली, त्याचा अर्थ आम्हा दोघांखेरीज फक्त आपल्याला कळेल, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहावे हा आग्रह तिचाच आहे. आपले नाव मात्र आपल्या संकोचाचा मान राखून लिहिलेले नाही.

आम्ही प्रथम आपल्याकडे आलो तेव्हा बाळ नऊ आठवड्यांचे होते. सिझेरियनची जखम वरून भरली होती, सव्वा महिना उलटला होता, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सारे यथासांग झाले होते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण पोट कधी उतरणार एवढेच विचारून जात होता. खोकला किंवा शिंक आली की कपडे ओले होतात, ही गोष्ट तिने मलासुद्धा कित्येक दिवस सांगितली नव्हती. ज्या एकदोघींना सांगितली त्यांनी 'बाळंतपणानंतर एवढे चालायचेच' म्हणून विषय मिटवला. मी तर तिला हुरूप यावा म्हणून डिजिटल वजनकाटा आणून दिला होता. रोज सकाळी त्यावरून उतरताना तिचा चेहरा पडलेला मला दिसत होता, आणि तरीही आपण फार उपयोगाची वस्तू आणली अशीच माझी समजूत होती.

तो काटा आपण आधी माळ्यावर टाकायला लावला. मग तिला उताणे झोपवून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलायला सांगितले आणि बेंबीच्या वर बोटे ठेवून पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली फट मोजली. ती तीन बोटे होती. वाढत्या गर्भाला जागा देताना या स्नायूंना जोडणारी मधली पट्टी ताणली जाते, आणि तिला बळ येण्याआधीच, मोबाइलवर पाहून माझी पत्नी काढत होती तशा, सिट-अप्स काढल्या तर पोट मधोमध डोंगरासारखे वर येते, हे आपण मलाही जवळ बोलावून दाखवले. सिझेरियन झाले म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची सुटका झाली, असे आम्ही धरून चाललो होतो. नऊ महिन्यांचा भार त्यांनीही वाहिलेला असतो, हे आपल्याकडून कळले. ते स्नायू श्वास सोडताना आत आणि वर ओढायचे, मग तितक्याच निगुतीने पूर्ण सैल सोडायचे, आणि बाळ उचलतानाही श्वास रोखून धरायचा नाही, एवढ्यावरच पहिले कित्येक आठवडे गेले.

माझ्या आईने बांधलेल्या सुती पट्ट्याला आपण हसला नाहीत, याचे मला विशेष वाटते. आधार वाटत असेल तर जरूर बांधा, पण पट्ट्याने स्नायूंना बळ येत नाही, असे आपण तिलाच समजावले; तेव्हापासून सुनेच्या व्यायामाची वेळ चुकली तर पहिली हाक आईची येते.

आणखी एक प्रश्न आपण विचारला होता, जो तोवर कुणीच विचारला नव्हता: हिला सलग किती तास झोप मिळते? उत्तर ऐकून आपण व्यायामांच्या कागदावर सर्वांत वर 'रात्री दोनची पाळी: बाबा' असे लिहिले. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजायला मी त्यामुळे शिकलो, आणि तिला सलग पाच तास मिळू लागले.

बाकीचे तिने केले. आई झाल्यावर परतलेल्या खेळाडूंचे आपण चषक लक्षात ठेवतो. सानिया मिर्झाने जानेवारी २०२० मध्ये होबार्टला दुहेरीचे विजेतेपद मिळवले हे मलाही ठाऊक होते, पण मुलगा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला आणि मधले पंधरा महिने कसे गेले असतील, याचा विचार मी घरातले महिने पाहिल्यावरच केला. बघणाऱ्याला व्यायाम वाटूही नये असा तो कंटाळवाणा क्रम तिने बाळाच्या तापात, रजा संपून नोकरीवर रुजू झाल्यावर, कधी रडत, पण सोडला नाही. सहा महिन्यांनी आपण एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे एवढीच परवानगी दिली, तेव्हा सोसायटीच्या आवारात ती मिनिट संपले तरी धावत राहिली आणि मी घड्याळ घेऊन मागे ओरडत राहिलो. हा नियमभंग मी आजवर आपल्यापासून लपवला होता.

आपण व्यायामासाठी दिलेला पिवळा रबरी पट्टा परत करायचा राहिला आहे. बाळाला दात येत असल्याने त्याच्या एका टोकावर चावल्याच्या खुणा आहेत, आणि पत्नी तो आता कुणालाही द्यायला तयार नाही. शनिवारी नवा घेऊन येतो.

आपला ऋणी,
रात्री दोनची पाळी